पाठ

निर्मला पावसेचा चेहरा मला नीट आठवत नव्हता.
पाठ आठवायची.
बनियनला मागे चार टाचण्या, त्यातली एक गंजलेली,
नंबर दोनशे सात.

जिल्हा, विभाग, राज्य,
सहा वर्षं मी तिच्या मागे दीड हात.
मला दापोलीचं मैदान होतं, चुन्याच्या आखलेल्या रेषा.
तिला ओहोटीची वाळू,
तीही भरती येईपर्यंत.
"पाणी काय आपली वाट बघत नाय," म्हणायची.

बारा सेकंदांच्या आत गेली त्या संध्याकाळी
हर्णैच्या लिलावात सुरमईची बोली मध्येच थांबली,
असं तिची आई सांगायची.
आई थोडं वाढवून सांगायची.

मग पटियाळाचं शिबिर, मांडीचा स्नायू,
रेल्वेत नोकरी,
शाळेच्या भिंतीवर नाव, त्यातही वेलांटी चुकलेली.

काल पाजच्या किनाऱ्यावर भेटली.
गळ्यात घड्याळ, साडी खोचलेली,
सात-आठ पोरी पळवत होती.
म्हणाली, "तुझा श्वास ऐकू यायचा गं मागून.
लय वैताग."

पोरी घरी गेल्यावर
बसलो दोघी, होडीला टेकून.
पाणी पावलांपर्यंत आलं तरी ती उठेना.
तेव्हा मी वळून पाहिलं.
डाव्या भुवईत एक जुना व्रण आहे तिच्या.
कधीचा, ते विचारायचं राहिलं.