हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की बापूंना स्कुटीवर बसवून
कंधारला न्यावं लागतं,
ते जिवंत आहेत हे सांगायला.

बँकेतला पोरगा मशीन पुढं सरकवतो.
बापू सदऱ्याला अंगठा पुसतात, दाबतात.
लाल दिवा.
पुन्हा पुसतात. लाल.
"काका, रेघाच राह्यल्या नाहीत तुमच्या."
"राहतीन कशाला," म्हणत बापू
डावा हात पुढं करतात, कुणी न सांगता,
झडती द्यावी तसा.

फॉर्मात रकाना आहे : शेवटचं पद.
मी लिहिते, शिपाई.
पोरगा विचारतो, कोणता?
कारण बापू दोनदा शिपाई.
पलटणीत पंधरा वर्षं,
मग तहसीलीत पंचवीस,
साहेबांचा थर्मास, रॉकेलच्या कोट्याच्या फायली.
भाषेनं दोघांना एकच शब्द दिला
आणि बापूंनी तो बदलून मागितला नाही.

लढाईचं विचारलं तर ते पाण्याचं सांगतात.
पूर्वेकडचा डिसेंबर, ताग कापून नेलेली रानं,
छातीपर्यंत नदी, रायफल डोक्यावर,
आणि पुढं फुलवळचा रामकिशन पवळे,
ज्याला पोहता येत नव्हतं.
"येणार कुठून? आपली मन्याड तर
चपला हातात घेऊन ओलांडायची."
पवळे नदीत गेला नाही.
पलीकडच्या काठाला गेला, कोरड्यात,
खाली बसून बुटातलं पाणी ओतताना.

मग खंदक हाती आला. आत कुणी नव्हतं.
चुलीवर भात होता, वाफ निघत होती.
"खाल्ला," बापू म्हणतात. "दोन दिवसाचे उपाशी होतो."
याच्यापुढं ते गेले नाहीत कधी.

ताटात भात आला की अजूनही
ते कडेला एक मूठ काढून ठेवतात.
आईला वाटायचं, कावळ्याला.
मला वाटायचं, कुत्र्याला.
एकदा मी ती उचलून म्हशीच्या घमेल्यात टाकली.
ते रागावले नाहीत.
दुसरी मूठ काढली, तिथंच ठेवली.

पुढच्या साली सुटीवर आले, बाहत्तरला.
छातीवर पट्टी होती, सगळ्यांनाच मिळते ती.
स्टँडवरच्या हॉटेलात काचेच्या ग्लासात चहा मिळाला,
वर्दी अंगावर होती तोवर.
गावात माणूस नाही. सगळे खडीवर.
आई तेव्हा सतरा वर्षांची,
भुवयांपर्यंत धूळ, हातात हातोडी.
खाकी दिसल्यावर तिला वाटलं, तपासणीचा साहेब,
आणि ती खाली मान घालून जोरानं फोडायला लागली.

बापूंनी वर्दी पेटीत ठेवली.
उरलेले बावीस दिवस बनियनवर खडी फोडली.
हजेरीपटावर नाव लागलं :
तातेराव गुणाजी सोनकांबळे, मजूर.
सही येत होती त्यांना.
पण मुकादमाकडं पेन नव्हता, शाईचं पॅड होतं.

"करंगळी ठेवा," पोरगा म्हणतो.
हिरवा.
"झालं काका, आहात तुम्ही."
बापू मान डोलवतात,
त्याच्यासमोर उगाच जरा ताठ उभे राहतात,
मग मला विचारतात, पेट्रोल आहे का.

परतीला ते फुलवळकडं वळायला सांगतात.
सरूबाई पवळे दारातच असते,
तिलाही हाच महिना, हेच मशीन.
"तुझं लागलं का?"
"लागलं. तिसऱ्या बोटाला."
बापू ओट्याच्या कडेला टेकतात.
ती कपबशी आणते, माझी चौकशी करते,
सोयाबीनचा भाव, गुडघे, नातीचं बारावीचं वर्ष.

बापू तिच्या दारात कधी बूट काढत नाहीत.
ती काढा म्हणत नाही.