दोन जावा

उदगीरला, गुंडप्पा टेलरच्या दुकानावर माझी खोली.
लॅपटॉप एकच.
त्यात दोन जावा नांदतात:
थोरली आठ, धाकटी सतरा.

धाकटीकडं पुण्याच्या कंपनीचं काम.
नवं फ्लटर, नवं ग्रेडल,
सगळं घडी न मोडलेलं.
थोरलीकडं मन्मथ बिरादारांचं दूध संकलन:
अकरा गावं, अकरा जुने फोन,
ओल्या अंगठ्यांनी झिजलेल्या काचा,
आणि पावती छापणारं यंत्र,
ज्याची कंपनी कधीच बुडाली.

नवे फोन घ्या म्हटलं, तर बिरादार म्हणाले,
"म्हैस आटली म्हून कोनी गोठा बदलतंय का?"
मला ते नीट कळलं नाही.
हो म्हटलं.

परवा डिस्कवर जागा उरली नाही.
रात्री दीडला, डोळे चोळत,
मी थोरलीला घराबाहेर काढलं.
एवढंसं तर ओझं होतं तिचं,
पण हाताला तीच लागली.

पहाटे पाचला फोन.
"मॅडम, फॅटच्या जागी शून्य येलालंय.
लोकं कॅन घिऊन हुबी हायत."

काल बसवलेलं नवं मशीन दशांश पाठवत होतं,
ॲपला पूर्णांकाची सवय.
एका ओळीचं काम. ओळ बदलली.
बिल्ड लावलं
आणि पडदाभर लाल अक्षरं.
जावाचं घर कुठं, विचारत होतं ते,
त्या पत्त्यावर कुणी राहत नव्हतं.
धाकटीला पुढं केलं,
तिला या घरातलं एक भांडं ओळखू येईना.

उतरवून घ्यावं, तर साइट खातं मागते.
खात्याला पासवर्ड. पासवर्डला जुना नंबर,
जो मी नोकरी सोडताना परत केला.

मग आठवला रियाजुद्दीनचा पेनड्राइव्ह,
कॉलेजच्या लॅबमधला,
वर पेनानं लिहिलेलं: आपाची शादी.
चारशे फोटो. मेंदी, मांडव, देगीतला भात,
आणि सगळ्यात खाली, एका फोल्डरात,
थोरली,
आहे तशी.

सहा चाळीसला बिरादारांचा मेसेज:
चार पॉइंट दोन.
खाली काही नाही, धन्यवादही नाही.
मी तो आकडा बराच वेळ बघत बसले.

आता चुली वेगळ्या मांडल्यात.
प्रत्येक फोल्डरच्या उंबऱ्यावर एक चिठ्ठी,
आत पाऊल टाकलं की ज्याचा त्याचा आकडा लागतो.
कुणी कुणाची आवृत्ती विचारत नाही.
थोरलीच्या चिठ्ठीखाली मी माझ्यासाठी लिहिलंय:
रात्री बारानंतर हिला हात लावू नकोस.

खाली गुंडप्पांनी शटर वर ढकललं,
मशीनला तेल घातलं असावं, वास आला.
तेवढ्यात कोपऱ्यात एक चौकट उघडली:
एकवीस आली आहे, आत घेऊ का?

थांब म्हटलं. आधी चहा.