तिसरा चेंडू

न्युमोनियातून उठले तेव्हा डॉक्टर फेगडेंनी
प्लॅस्टिकचं एक खेळणं हातात दिलं:
तीन नळ्या, तीन निळे चेंडू,
श्वास आत ओढायचा आणि ते वर उचलायचे.
पहिला उचलला जायचा.
दुसरा जागच्या जागी थरथरायचा,
अडकलेल्या रिलेसारखा.
तिसऱ्याकडे मी बघायचेच नाही.

लोको शेडमध्ये अकरा वर्षं पाना चालवलाय मी,
नटाला बोट लावून सांगते किती आटे सैल आहे.
आणि आता पाण्याचा ग्लास उचलताना
मनगट विचारतं, खरंच का?

डेन्झिल आला, लिंपस क्लबच्या मागचा,
ज्याच्या आजोबांनी वाफेची इंजिनं हाकली.
संत्री नाही, शहाळं नाही.
जुना टेप, बाटाचा खोका, खोक्यात चौदा कॅसेटी
आणि फीत गुंडाळायला एक पेन्सिल.
वर चिठ्ठी, त्याच्या तिरक्या अक्षरात:
आधी मऊ ऐक. मग जड. घाई नको.
काळ्या कव्हरवाली पंधरा दिवस तरी लावू नकोस,
तिला चांगली भूक लागते.

म्हणजे मुगाचं पाणी, मग पेज,
मग गिलक्याची भाजी आणि भात.
माय ओट्याशी तेच सांगत होती,
फक्त गिटार न घेता.

पहिली कॅसेट सगळी संध्याकाळची.
कुणीतरी तारांना न दुखवता वाजवत होतं,
आणि मध्येच एक खुर्ची सरकल्याचा आवाज,
जो कोणी पुसला नव्हता.
त्या खुर्चीसाठी मी ती चारदा ऐकली.
आजारपणात पुरावा लागतो
खोलीत कुणीतरी असल्याचा.

डिसेंबरात यार्ड जवळ येतं.
रात्री दोनला कपलिंग बसतं ते थेट बरगडीत.
अठ्ठावन्न डबे, मी मोजलेत.
आठवी कॅसेट लावली त्या रात्री
ड्रमवाल्याचे दोन्ही पाय त्याच वेगानं सुटले,
खंडव्याकडे की बडनेऱ्याकडे, कळेना.

शेडची पोरं बामणोदला भरिताच्या पार्टीला गेली.
काड्यांच्या जाळावर काळ्या पडलेल्या वांग्यांचा फोटो आला,
केळीचं पान, पुऱ्या, कांद्याची पात.
मी फोन पालथा ठेवला
आणि नववी लावली.
तिच्यातला माणूस गात नव्हता,
करपलेल्या पातेल्याचं बूड
आतून खरवडत होता.
भिंतीपलीकडच्या झोपे काकू,
ज्यांची झोप नावापुरतीच,
शाल गुंडाळून उठून आल्या:
"काय वं हेमल, कोन वरडू राह्यलं?
याले बी न्युमोनिया झाला का?"
मग बसल्या. दुसरी बाजू संपेपर्यंत बसल्या.
जाताना म्हणाल्या, "छाती चांगली हाय बा त्याची."

तिथूनच सुचलं.
त्याची आरोळी घड्याळात धरली: एकोणीस सेकंद.
माझा श्वास सहा.
तो सोडायचा, मी ओढायचे,
एकाच भात्यावर बसल्यासारखे.
कुठल्या गावचा, जिवंत तरी आहे का, ठाऊक नाही.
सात. सात. नऊ. मग पुन्हा ताप, पुन्हा पाच.
एका मंगळवारी दुसरा चेंडू टोकाला टेकला
तेव्हा माय आतून ओरडली, आवाज कमी कर,
आणि फोडणीच्या ठसक्यानं मी खोकले.
कोरडा, साधा खोकला,
कुणालाही येतो तसा.

काळ्या कव्हरवाली अजून खोक्यातच आहे.
पंधराचे बावीस दिवस झाले.
काल तिची फीत सैल दिसली,
पेन्सिल घालून हळूहळू घट्ट केली.
मनगटानं काही विचारलं नाही.

सोमवारी ड्यूटी.
तिसरा चेंडू तळाशीच आहे, असू दे.
माय विचारते, काय करू आज?
शेवभाजी कर, म्हटलं. तिखट.
आणि तो खोका सरकव जरा इकडे.