थुंकण्यास सक्त मनाई आहे

गोठिवलीच्या समाजमंदिराला
रंग काढायचं ठरलं.
चार लाख दहा हजार. खजिनदार मी.

पोर्चच्या स्लॅबखाली पाकोळ्यांची एकतीस घरटी.
मोजली मढवींच्या कुंजलनं, मान आखडेस्तोवर.
गवत, पिसं,
कुणाच्या तरी हळदीतली सोनेरी झिरमिळी,
सगळं थुंकीनं चिकटवलेलं.
आणि बरोब्बर खाली आमचीच पाटी:
थुंकण्यास सक्त मनाई आहे.

सभेत अध्यक्ष म्हणाले, घाण होते,
पंगतीत वरून पडतं.
कुंजल उठली.
त्यांना बसता येत नाही, काका.
तारेवर नाही, फांदीवर नाही,
पाय आहेत ते भिंतीला लटकण्यापुरते.
खाणं हवेत, पाणी पिणं उडता उडता.
टेकायला एवढी एकच जागा.

पंखा तेवढा कुरकुरत राहिला.

ठराव: पिल्लं उडून गेल्यावर घरटी काढावीत,
बदली खोके लावावेत.
हरेश्वर मढवींनी जुन्या स्टेजच्या फळ्यांचे
बारा खोके ठोकले. मजुरी घेतली नाही,
खिळ्यांचे एकशे ऐंशी मात्र मोजून घेतले.

मग परांच्या चढल्या, रंग झाला, परांच्या उतरल्या.
पाकोळ्या आल्या.
खोक्यांपाशी घिरट्या घातल्या, गेल्या.
एका खोक्यात पाल राहायला आली,
एकात वायरमननं विड्यांचं बंडल ठेवलं.
नव्या ऑइलपेंटला त्या चोच लावायच्या
आणि ओलं गवत खाली, पाटीवर.

आठवडाभर हेच.
नंतर त्या तुळईच्या कोपऱ्यात शिरू लागल्या.
तिथं हातभर पट्टी कोरीच होती,
जुनं खरबरीत सिमेंट, उघडं.

अध्यक्षांनी इस्राफिलला फोन लावला.
मालद्याचा रंगारी, चार महिन्यांत
चार वाक्यं बोललेला माणूस.
पाचवं फोनवर बोलला:
गुळगुळीतवर थुंकी टिकत नाय, शेठ.

अध्यक्ष म्हणाले, बिलातून कापा.

रात्री मी वही उघडली.
पोर्चमधून चिरचिर येत होती,
दिवा घालवावा की नाही कळेना.
लिहिलं:
कोपऱ्यात हातभर काम शिल्लक.
रक्कम पूर्ण अदा.

सकाळी पाटी पुसायला घेतली.
‘सक्त’वर एक पीस चिकटलेलं.
निघेना.