डाव्या हाताची तर्जनी

बोरखडीच्या शाळेत, दुसऱ्या वर्गाच्या खोलीत,
बेडकाच्या वाढीच्या तक्त्याखाली
मी बसले होते शाईची बाटली घेऊन.
सकाळी साडेसातपासून आठशे बारा बोटं धरली.
बोंडांनी ओरखडलेली, तंबाखूनं पिवळी पडलेली,
एक तर अर्धंच होतं, कडबाकटरनं उरवलेलं.
त्यालाही शाई लावली, नियमात आहे तशी.

बोट खोटं बोलत नाही, असं लिहिणार होते.
राहू द्या.

एक म्हातारी, कोणी विचारलं नसताना :
"पुंजारामनं माह्या म्हशीचं नाव घेतलं न बाई,
चार वर्सांनी आला, तरी म्हने, चिंधी कशी हाय?"
मी म्हटलं, आजी, इथं बोलायचं नाही.
ती गेली पुठ्ठ्याआड. टूंऽऽ वाजलं.
चिंधी तर दोन वर्षांपूर्वीच मेली, हे जाताना सांगितलं.

पुंजाराम भोयर, चिन्ह कपबशी.
मयतीला पहिला, लग्नाला पहिला,
खांद्यावर हात टाकून बोलणारा,
आणि काम सांगितलं की
"झालंच समजा" म्हणणारा. ते समजण्यातच
गावाची पाच वर्षं बरी गेली होती.

शेवंता टेकाम, चिन्ह शिलाई मशीन.
तिनं तहसिलीच्या पायऱ्या झिजवल्या,
साहेबाच्या टेबलावर गढूळ पाण्याची बाटली ठेवली,
आणि पाइप आणला.
दोन उन्हाळे झाले, गावात टँकर नाही.
"चांगलीच हाय थे. पन हासत नाई."
हे दिवसभरात मी नऊ वेळा ऐकलं.
नवव्यांदा म्हणणारा माणूस
मला आठवतं तेव्हापासून हसलेला नाही.

"पोडावरची हाय" हे मात्र
एकदाही ऐकलं नाही.
इतक्या मोठ्या गावात, एकदाही.
तिथंच मला निकाल कळायला हवा होता.

रात्री पेट्या जमा करून घरी आले, तर प्रणोतीचा फोन.
भावाची मुलगी, शेफील्डला असते.
तिकडेही निवडणूक होती, गेल्या महिन्यात.
म्हणाली, आत्या, इथं शाई नाही,
दोरीला बांधलेली पेन्सिल असते,
चौकोनात फुली मारायची.
आणि लोक काय विचारतात ठाऊक?
कोणासोबत बसून प्यायला आवडेल.
धोरणं वाचणारे माझ्या ऑफिसात दोन, त्यातली एक मी.
बाकीचे म्हणतात, तो बरा वाटतो,
ती शाळेतल्या बाईसारखी बोलते.

मी हसले. म्हटलं, आमच्याकडे
कोणासोबत प्यायची विचारत नाहीत,
कोण पाजतो ते बघतात.
मग थोडा वेळ दोघी गप्प.
शाळेतल्या बाईसारखी म्हणजे कशी गं,
हे विचारायचं राहून गेलं.

पुंजाराम एकतीस मतांनी आला.
गुलाल शाळेच्या भिंतीपर्यंत, बेंजो नाल्यापर्यंत.
शेवंता मतमोजणीच्या खोलीबाहेर उभी होती,
कोणीतरी म्हणालं, पाहा, आता रडन.
तेही तिनं केलं नाही.
कागदावर सही केली, पूर्ण नाव,
आणि पोडाकडच्या पायवाटेला लागली.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना
मागच्या बाकावरून बंटीनं विचारलं :
"बाई, तुमी कोनाले देल्लं?"
मी हात पुढे केले. पोरांनी मोजलं,
अंगठा काळा, मधलं काळं, करंगळीलाही डाग,
बाटली सांडली होती ना दुपारी.
फक्त तर्जनी कोरी.
ड्युटीवाल्यांचा फॉर्म भरायचा होता मुदतीत,
तेव्हा वह्या तपासत होते,
आणि खरं सांगायचं तर
वाटलं होतं, ती येईलच निवडून.

मधल्या सुट्टीत मागे गेले,
हात नळाखाली धरले, घासले, खूप घासले.
शाई काही निघाली नाही.
नळाला पाणी होतं.