पुराव्यादाखल

रात्री जेवणं उरकली की गच्चीवर कामिनी साहेब होते.
पापड वाळवायची खाट हे तिचं टेबल,
माझ्या सासऱ्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर.
“नाव?”
उज्ज्वला ललित बोरोले.
“दहावीच्या सर्टिफिकेटवर एक ज कमी आहे.”
हो. म्हणून यावलच्या नोटरीकडून लिहून आणलंय
स्टॅम्पपेपरवर, की उज्वला आणि उज्ज्वला
या दोघी एकच व्यक्ती आहेत.
नोटरीनं मान वर न करता शिक्का मारला.
मला स्वतःला एवढी खात्री कधीच नव्हती.

“नवरा पलंगाच्या कोणत्या बाजूला झोपतो?”
उजव्या.
“कुणाच्या उजव्या? झोपणाऱ्याच्या की बघणाऱ्याच्या?”
इथे आम्ही दोघी नणंद-भावजया अडकतो.
लग्नानंतर मिळाले अकरा दिवस. चार पाहुण्यांत गेले,
एक शिरसाळ्याच्या मारुतीला,
उरलेल्यांत लाइट नव्हती, फैजपूरचा मे,
आम्ही फरशीवर ओली चादर टाकून पडायचो,
जिकडे वारा तिकडे तो.
“साहेबाला वारा नको सांगू, वहिनी. उजवी सांग.”
उजवी.

तीन वर्षं मी ललितला पाठ करते आहे.
चहा बिनसाखरेचा. गोदामात दुसरी पाळी.
खिडकीतून पार्किंग दिसतं आणि एक झाड,
ज्याचं नाव त्यालाही माहीत नाही.
ब्रश निळा.
परवा म्हणाला, निळा झिजला, हिरवा घेतला.
मी भांडले. म्हटलं, तारीख होईपर्यंत
काही म्हणजे काही बदलू नकोस,
मिशीसुद्धा.

हिवाळ्यात त्याची परीक्षा होती, नागरिकत्वाची.
तेव्हा साहेब मी होते. कळण्याचं पीठ मळता मळता
फोन फळीला टेकवून विचारायची:
झेंड्यावर पट्टे किती? तेरा.
राष्ट्राध्यक्ष मेला तर कोण? त्याची तिकडे रात्र,
जांभई देत देत तो एका देशाचा झाला.
आता माझी पाळी.

फाइल जाड झाली आहे.
चौसष्ट फोटो, मागे तारखा.
कॉलची यादी दोनशे बारा पानं;
झेरॉक्सवाला म्हणाला, वहिनी, एवढं बोलता तरी काय?
ते त्यात नाही, दादा. नुसती मिनिटं आहेत.

सासूबाई काल गंमत बघत बसल्या होत्या.
कामिनीनं त्यांनाही उभं केलं.
बाबांची जन्मतारीख?
“तापीले मोठा पूर आला ना, त्या साली.”
ब्रशचा रंग?
“राखुंडी.”
पहिल्यांदा कुठे भेटलात?
“मांडवात. तेबी अंतरपाट खाली गेल्यावर.”
नापास, आई. पूर्ण नापास.
त्या पदर तोंडाला लावून हसल्या,
“मंग आता कुठी धाडता मले? निंभोऱ्याले?”
आणि खाली जाऊन बाबांच्या उशाशी तांब्या ठेवून आल्या,
डाव्या बाजूला, अंधारातच.

आज शेवटची तालीम. उद्या रात्रीची गाडी, भुसावळहून.
कामिनी वही उघडते.
“याच माणसाशी लग्न का केलं?”
हा प्रश्न यादीत नव्हता.
खालून केळीचा ट्रक जातो, गच्ची थरथरते.

सातव्या दिवशी, मी सांगते, मला लू लागली होती.
तो सावद्याला बर्फ आणायला गेला मोटारसायकलवर,
गोणपाटात अर्धी लादी गुंडाळून निघाला
आणि रेल्वे गेट बंद, मालगाडी संपता संपेना.
घरी आला तेव्हा त्याची पँट भिजलेली,
आणि गोणपाटात लिंबाएवढा बर्फ.
तो माझ्या तळहातावर ठेवून म्हणाला,
जपून, एवढाच आहे.

कामिनी पेन टेकवून थांबते.
“याचा फोटो?”
नाही.
“पावती? बर्फाची?”
नाही गं.
“मग हे नको सांगू,” ती म्हणते,
चष्मा काढते, ओढणीनं पुसते,
आणि तरी वहीत
काहीतरी लिहून घेते.