पावती क्रमांक एकशे चौदा

संशोधनासाठी आम्ही पैसे देत नाही.
हे मला दर वर्षी नव्यानं समजावून सांगावं लागतं.
सूक्ष्मदर्शक नाही, ड्रिल नाही, कुणाचा पगार नाही.
देतो ते फक्त भेटण्याचे:
तिकीट, मुक्काम,
माणशी चार युरोंची कॉफी आणि एक बिस्किट.
तेवीस देश, चार वर्षं,
विषय चिखल.

पीट म्हणतात त्याला. शेवाळ पाण्याखाली मरतं
आणि कुजायचं विसरून जातं.
हजार वर्षांत मीटरभर चढतं.
आत परागकण जसेच्या तसे,
कुठलं झाड कधी उभं होतं याची
एकही खाडाखोड नसलेली नोंद.
अशी वही मला एकदा तरी मिळावी, वाटतं,
तार्तूच्या तिसऱ्या मजल्यावर, फेब्रुवारीत,
खाली एमायोगी गोठलेली असताना.

माझ्याकडे येतात त्या पावत्या.
चुरगळलेल्या, सुपाचे डाग पडलेल्या.
पोर्तुगालच्या अन्सेल्मोनं टॅक्सीच्या बिलामागे
दलदलीचा नकाशाच काढून पाठवला होता.
सुरेख होता. पैसे दिले नाहीत.
टॅक्सी नियमात बसत नाही.

एकशे चौदावी आली जॉर्जियातल्या पोतीहून,
आठ महिने उशिरा.
नातेला, वय एकसष्ट.
स्वस्तातलं विमान वॉर्सापर्यंत, पुढे रात्रभर बस.
आम्ही खर्च भरून देतो, पण नंतर:
ज्याच्या खिशात आधीच आहेत
त्यालाच परवडणारी मदत.
हे मी बैठकीत बोलले. इतिवृत्तात आलं नाही.

कागद कोरा होता.
थर्मल छपाई उडून जाते,
उन्हानं, पाकिटातल्या घामानं, नुसत्या दिवसांनी.
रक्कम वाचता येत नसेल तर रक्कम नाही.
नामंजुरीचा शिक्का उचलला.
खाली ठेवला.

त्या कॉफीच्या सुट्टीत साखरेपाशी मीच उभी होते.
आयर्लंडचा फियाक्रा फोटो दाखवत होता,
अकरा वर्षं मोजलेले हेझलचे कण.
नातेलानं चष्मा कपाळावर सरकवला.
हे हेझल नव्हे, म्हणाली,
हा दलदलीतला मर्टल.
सारखेच दिसतात मेले. मीही सात वर्षं फसले.
तो बोलला नाही.
बिस्किट कॉफीत धरून राहिला, तुटून पडेपर्यंत.
मग खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला,
आणि दुपारचं सत्र दोघांनीही बुडवलं.

अहवालात याला रकाना नाही.
'निष्पत्ती'खाली मी लिहिलं होतं:
उपस्थिती एकोणचाळीस.

दुसऱ्या दिवशी केस वाळवायचं यंत्र घरून नेलं.
दाराला आतून कडी.
गरम हवा लागली तसा कागद
कडांनी करडा, मग काळा होत गेला,
ओल्या पीटसारखा काळा,
आणि त्यातून वर आली
फिकट पांढरी अक्षरं, एकेक करत:
आसन सव्वीस. रात्री नऊ चाळीस.
एकेचाळीस युरो.

मंजूर.
लेखापरीक्षकाला काय सांगायचं
ते अजून ठरलेलं नाही.

योजना जूनमध्ये संपली.
पुढचा अर्ज अर्ध्या गुणानं गेला.
'परस्परभेटींची ठोस फलश्रुती दिसत नाही,'
असा एका परीक्षकाचा शेरा.
फियाक्रा आता पहिल्यापासून मोजतोय,
स्वतःच्या पदरचे पैसे घालून, असं ऐकते.

ऑक्टोबरात पोतीहून पुडकं आलं.
कवचासकट अर्धा किलो.
आत चिठ्ठी, पेन्सिलीनं:
या वेळी तपासून पाठवतेय. हे हेझलच.

भेटवस्तूंच्या वहीत किंमत लिहावी लागते.
बाजारात जाऊन भाव विचारून आले,
वजन केलं, आकडा भरला.
चारशे ऐंशी ग्रॅम.
आधीच फोडून खाल्लेले वीस
मी धरले नाहीत.